पोटातच लागलेली झळ

अमेरिकेत सरकारी यंत्रणेमार्फत मूल दत्तक घ्यायचं ठरवलं की सोशल वर्कर एक लांबलचक फॉर्म हातात ठेवते. कसं मूल तुम्हाला चालेल आणि कसं चालणार नाही, हे विचारणारा तो फॉर्म असतो. वय, वंश, भावंडं असली तर किती, इथपर्यंत पेन भराभर चालतं. मग पुढचं पान येतं. आईने गरोदरपणात दारू घेतली असेल तर? कोकेन? हेरॉइन? मेथ, म्हणजे मेथाम्फेटामिन? घराण्यात मानसिक आजार असेल तर? प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायला चौकटी. मुलासाठी वर्षानुवर्षं झुरलेली माणसं या पानावर येऊन अडतात. ‘नाही’वर खूण करावी तर एका तान्ह्या जिवाला आपण दारातूनच परत पाठवलं, ही टोचणी लागते. ‘हो’ म्हणावं तर नेमकं कशाला हो म्हणतोय ते उमजत नाही. पोटच्या मुलासाठी असला फॉर्म कुणालाच भरावा लागत नाही. मूल घरात येण्याआधीच, कागदावर, या पालकत्वातला पहिला त्रास सुरू होतो.

हा प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही, कारण या वाटेने येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या मागे व्यसनाची कहाणी असते. घरात धोका आहे म्हणून सरकार ज्या मुलांना ताब्यात घेतं ती आधी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या सांभाळणाऱ्या कुटुंबात जातात. त्यांतली सुमारे ५० हजार मुलं दरवर्षी कायमची दत्तक जातात. मूल का हलवलं याच्या कारणांत आईबापांचं व्यसन हे कारण साधारण एक तृतीयांश मुलांच्या कागदांवर असतं, अगदी लहान बाळांच्या बाबतीत त्याहून जास्त. आधी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या, मग हेरॉइन, मग फेंटानिल अशी अफूच्या जातीच्या पदार्थांची लाट गेल्या पंचवीस वर्षांत तिथे पसरली. रुग्णालयात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे या पदार्थांच्या अभावाने तडफडणारी बाळं २०१० मध्ये ४ होती, २०१७ मध्ये ७.३ झाली.

तडफडणं म्हणजे काय, ते नीट पाहायला हवं. अफूच्या जातीचे पदार्थ वारेतून सहज गर्भापर्यंत पोचतात आणि गर्भाचं शरीर त्यांना सरावतं. जन्माच्या क्षणी नाळ कापली की हा पुरवठा एका झटक्यात बंद होतो. आई हेरॉइन घेत असेल तर साधारण दिवसाभरात, मेथाडोनसारख्या उपचाराच्या औषधावर असेल तर दोन-तीन दिवसांनी बाळाला त्रास सुरू होतो. रडणं चिरकं, वरच्या पट्टीतलं, न थांबणारं. हातपाय थरथरतात, अंग ताठ होतं. शिंका आणि जांभया लागोपाठ येतात. भूक असते, ओठ दूध शोधत असतात, पण ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसत नाही. त्यात जुलाब, आणि लंगोटाच्या जागची कातडी लाल होऊन सोलवटते. कोकेन किंवा मेथ घेतलेल्या आईची बाळं बऱ्याचदा याच्या उलट वागतात. ती सुस्त असतात, दुधाच्या वेळेलाही उठवावी लागतात.

अशा बाळाला घरी आणलेल्या आईला पहिल्याच आठवड्यात एक विचित्र गोष्ट शिकावी लागते. बाळ शांत करण्यासाठी आपण जे जे आपसूक करतो, ते सगळं इथे उलटतं. डोळ्यांत डोळे घालून बोलणं, गाणं, खुळखुळा, गालाला गाल लावणं, पाळण्याचा झोका, यातलं काहीही त्या चेतासंस्थेला पेलत नाही. अनुभवी नर्स शिकवतात ती रीत वेगळी आहे. खोलीत अंधार करायचा. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, हात छातीशी, हनुवटी किंचित खाली, पाठ आणि पाय आत वळलेले. आणि त्याचं तोंड आपल्यापासून दुसरीकडे करायचं. मग डावी-उजवीकडे न हलवता हळूहळू वर-खाली, एकाच लयीत. बोलायचं नाही. ज्या चेहऱ्याची सहा-सात वर्षं वाट पाहिली, तो चेहरा रात्री अडीच वाजता भिंतीकडे वळवून धरायचा. अनेक दत्तक आयांना या दिवसांत वाटतं की या बाळाला मी नकोच आहे. बाळाला आई नको नसते. त्याला त्या घडीला एका वेळी एकच संवेदना झेपते, आणि आईचा चेहरा, वास, आवाज, स्पर्श या चार झाल्या. हे आधी कुणी समजावून सांगितलेलं असेल तर मनाला लागलेला घाव बराच उथळ राहतो.

डॉक्टरांनाही हे शिकायला वेळ लागला. फिलाडेल्फियात डॉ. लॉरेटा फिनेगन यांनी १९७५ मध्ये या बाळांसाठी गुणपद्धती तयार केली. रडणं, थरथर, झोप, शिंका, ताप अशा प्रत्येक लक्षणाला गुण द्यायचे आणि बेरीज ठरावीक आकड्याच्या वर राहिली की मॉर्फिनसारखं औषध सुरू करून ते हळूहळू कमी करत न्यायचं. त्यामुळे पहिल्यांदाच बाळाचा त्रास मोजता आला, हे मोठंच काम. पण या पद्धतीत बाळं आठवडेच्या आठवडे अतिदक्षता विभागात, प्रखर दिव्यांखाली आणि आईपासून लांब राहू लागली. येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी मग साधे तीन प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाळ पुरेसं दूध घेतं का? सलग तासभर झोपतं का? दहा मिनिटांत शांत होतं का? होत असेल तर औषध नको. शांत खोली, वारंवार दूध आणि कुणाचं तरी सतत उराशी धरणं, हाच उपचार. २०१७ मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. बाळांचा सरासरी मुक्काम २२.४ दिवसांवरून ५.९ दिवसांवर आला होता आणि मॉर्फिन लागणाऱ्या बाळांचं प्रमाण ९८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर. पुढे २६ रुग्णालयांतल्या १,३०० बाळांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही बाळ घरी सोडण्याजोगं होईपर्यंतचे दिवस सरासरी १४.९ वरून ८.२ वर आले.

या संशोधनाच्या कितीतरी आधी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत क्लारा हेल नावाची एक बाई हेच करत होती. १९६९ मध्ये, ती चौसष्ट वर्षांची असताना, तिच्या मुलीने हेरॉइनच्या व्यसनात बुडालेली एक आई आणि तिचं बाळ तिच्याकडे पाठवलं. बातमी वस्तीत पसरली आणि थोड्याच महिन्यांत तिच्या घरात वीसच्या वर तान्ही मुलं जमली. ती त्यांना कडेवर घेऊन रात्ररात्र खोलीत फेऱ्या घालायची. औषध द्यायची नाही. लोक तिला मदर हेल म्हणू लागले, आणि १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात तिचा गौरव केला. मला तिच्या कामातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मुलांच्या आयांसाठी तिने दार बंद केलं नाही. आयांनी उपचार घ्यावेत, मुलांना भेटायला यावं आणि बऱ्या झाल्या की मूल घेऊन जावं, असा तिचा नेम होता. बरीच मुलं अशी परत आपल्या आईकडे गेली. मुलावर माया करायची तर त्याच्या आईचा द्वेष करावाच लागतो असं नाही, हे तिने करून दाखवलं. त्या काळात देशाचं वारं नेमकं उलट वाहत होतं.

‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ असं आपण म्हणतो. १९८०च्या दशकात अमेरिकेने या म्हणीचा सर्वांत क्रूर अर्थ काही लाख मुलांना लावला. १९८५ मध्ये शिकागोचे डॉ. आयरा चॅसनॉफ यांनी गरोदरपणात कोकेन घेणाऱ्या अवघ्या २३ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यास प्राथमिक होता आणि ते त्यांनी स्वतःही लिहिलं होतं. पण शहरांतून क्रॅक, म्हणजे ओढायचं स्वस्त कोकेन, धुमाकूळ घालत होतं आणि वर्तमानपत्रांना, दूरचित्रवाणीला हवी असलेली गोष्ट सापडली. ‘क्रॅक बेबी’ हा शब्द रूढ झाला. मेंदू कायमचा नासलेली, प्रेम करू न शकणारी, पुढे शाळा आणि तुरुंग भरून टाकणारी एक पिढी जन्माला येते आहे, असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं जाऊ लागलं. थरथरणारं मुदतपूर्व जन्मलेलं बाळ कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि ती थरथर कोकेनची म्हणायची, हे सर्रास झालं. ती थरथर पुष्कळदा अपुऱ्या दिवसांची असे. रुग्णालयांत आईने सोडून दिलेली बाळं महिनोन्महिने पडून होती, त्यांच्यासाठी १९८८ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, आणि त्यांना घरी न्यायला माणसं घाबरत होती.

भीती कितपत खरी, हे शोधायला चिकाटी लागते. फिलाडेल्फियाच्या डॉ. हॅलम हर्ट यांनी १९८९ पासून २२४ बाळं निवडली. निम्म्यांच्या आयांनी कोकेन घेतलं होतं, निम्म्यांच्या नाही. दोन्ही गट गरीब वस्तीतले. जवळजवळ पंचवीस वर्षं त्या या मुलांच्या मागावर राहिल्या. चौथ्या वर्षी बुद्ध्यंक मोजला तेव्हा कोकेनच्या गटाची सरासरी ७९ आली. हे अपेक्षितच होतं. पण दुसऱ्या गटाची सरासरी ८१.९ होती. दोन्ही गट देशाच्या सरासरीहून सारखेच खाली! कोकेन नव्हतं तिथेही मुलं मागे पडत होती, तेव्हा संशोधकांनी मुलांच्या आजूबाजूला पाहायला सुरुवात केली. सातव्या वर्षापर्यंत यांतल्या ८१ टक्के मुलांनी कुणाला तरी अटक होताना पाहिलं होतं, ७४ टक्क्यांनी गोळीबाराचे आवाज ऐकले होते, ३५ टक्क्यांनी माणसाला गोळी लागताना पाहिलं होतं, १९ टक्क्यांनी रस्त्यावर पडलेलं प्रेत. ज्या घरात सांभाळणारं माणूस मायेचं होतं, मुलांशी बोलत होतं, तिथली मुलं दोन्ही गटांत पुढे होती. दरम्यान २००१ मध्ये बोस्टनच्या डॉ. डेबोरा फ्रँक आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांची छाननी करून लिहिलं की सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीवर किंवा बुद्धीवर कोकेनचा असा वेगळा, ठाम परिणाम दिसत नाही. २००४ मध्ये तीस डॉक्टर आणि शास्त्रज्ञांनी प्रसारमाध्यमांना पत्र लिहून ‘क्रॅक बेबी’ हा शब्द वापरणं थांबवा, अशी विनंती केली. तोवर ती मुलं विशीच्या उंबरठ्यावर आली होती आणि ते लेबल अंगावर घेऊनच वाढली होती.

दत्तक मुलांच्या दृष्टीने मला सर्वांत बोलका वाटतो तो जेरुसलेमचे डॉ. आशेर ऑर्नॉय यांचा अभ्यास. हेरॉइन घेणाऱ्या आयांच्या मुलांपैकी काही त्याच घरात वाढली होती, काही अगदी लहानपणी दत्तक गेली होती. जन्माआधीची झळ सारखीच होती, घर मात्र वेगळं. दत्तक गेलेल्यांची बौद्धिक वाढ इतर सर्वसाधारण मुलांच्या जवळपास होती. मूळ घरात वाढलेली मागे होती. पण अस्वस्थ चंचलपणा आणि लक्ष न टिकणं हे दत्तक गेलेल्या मुलांतही इतर मुलांपेक्षा जास्त दिसलं. मेथबद्दलचा अमेरिकेतला ३३० मुलांचा अभ्यासही असंच सांगतो. तीन आणि पाच वर्षांच्या वयात या मुलांच्या भावना पटकन उसळतात, चिंता जास्त असते, पाचव्या वर्षी चंचलपणाची लक्षणं दिसतात. म्हणजे घराने पुष्कळ सावरतं, तरी सगळं सावरत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवणं दत्तक आईबापांना जड जातं, आणि सल्ला देणारेही बहुधा यातली एकच सांगतात.

दारूबद्दल मात्र वेगळं आणि स्पष्टच बोलायला हवं. बेकायदा नशांच्या भीतीत ही राजरोस बाटली नजरेआड राहते, आणि गर्भाच्या मेंदूला सर्वांत जास्त इजा तिनेच होते. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी दारूने गर्भाला होणाऱ्या या विकाराला नाव दिलं. पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट पन्हळ, बारीक डोळे या त्याच्या खुणा. पण दारूची इजा झालेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि पालकांची खरी दमछाक इथेच होते. मूल गोड, बोलकं, लाघवी असतं. सोमवारी पाढा येतो, मंगळवारी येत नाही, गुरुवारी परत येतो. चूक केली, शिक्षा झाली, तरी तीच चूक उद्या पुन्हा, कारण कृती आणि परिणाम यांची गाठ त्याच्या मेंदूत पक्की बसत नाही. वेळ आणि पैसा ही दोन गणितं आयुष्यभर अवघड जातात. शिक्षक म्हणतात आळशी आहे, नातेवाईक म्हणतात लाडावलंय, आणि घरी आलेला बाप वही पाहून ओरडतो. मग पंधराव्या मिनिटाला स्वतःलाच बोल लावत बसतो. मायकेल डॉरिस या लेखकाने १९८९ मध्ये ‘द ब्रोकन कॉर्ड’ या पुस्तकात ही होरपळ मांडली. १९७१ मध्ये, अविवाहित असताना, त्याने तीन वर्षांचा मुलगा दत्तक घेतला होता. पोटभर जेवण, चांगली शाळा आणि माया मिळाली की सगळं ठीक होईल, अशी त्याची खात्री होती. ती खात्री कशी इंचाइंचाने ढासळली, हे त्याने लिहिलं. या पुस्तकाने अमेरिकेला गर्भावरच्या दारूच्या परिणामांची जाणीव करून दिली. पुढे डॉरिसवर घरातल्याच मुलींनी गंभीर आरोप केले, १९९७ मध्ये त्याने आत्महत्या केली, आणि त्यामुळे हे पुस्तक आता सरळ मनाने वाचता येत नाही. सिएटलच्याच अ‍ॅन स्ट्राइसगुथ यांनी अशा शेकडो व्यक्तींचा माग काढला, तेव्हा दोन गोष्टी तारणाऱ्या आढळल्या. सहा वर्षांच्या आत झालेलं निदान, आणि न बदलणारं, मायेचं घर.

तरीही कुठलाच अभ्यास आपल्या मुलाबद्दल काही सांगत नाही. अभ्यास सरासरी सांगतो. आणि दत्तक आईबापांच्या मनातली सर्वांत लांब चालणारी गोष्ट म्हणजे ही पाळत. मूल उशिरा बोललं, ते त्यामुळे असेल का? बालवाडीत चावलं, त्यामुळे? गणितात मागे, त्यामुळे? शेजारच्या घरातलं मूल भोकाड पसरतं तेव्हा ते हट्टी असतं. आपलं पसरतं तेव्हा फाइल उघडते. पुष्कळ मुलांच्या फाइलींत एकच पदार्थ नसतो. दारू, सिगरेट, गोळ्या, अपुरं अन्न, मार खाल्लेली आई, मुदतीआधीचा जन्म, तीन घरांत बदलून झालेले पहिले अकरा महिने, हे सगळं एकत्र असतं. यातलं कशाने काय झालं, हे वेगळं काढून दाखवणारी तपासणी नाही. म्हणून अनुभवी बालमानसतज्ज्ञ पालकांना कारणाचा शोध थोडा बाजूला ठेवायला सांगतात. मुलाला आज कशाची अडचण आहे, तिला काय उपाय आहे, एवढं पाहा. स्पीच थेरपी लागणार असेल तर ती दारूमुळे लागली काय आणि वेळेआधी जन्मल्यामुळे लागली काय, थेरपी तीच. हे ऐकायला सोपं आहे. ज्या आईने एकदा फाइल वाचलेली आहे तिला ते रोज नव्याने करावं लागतं.

आणि या फाइलीच्या पहिल्या पानावर दुसरी एक आई असते. तिच्याबद्दलचा संताप बहुतेक दत्तक आयांना येतो आणि बहुतेकजणी तो बोलून दाखवत नाहीत. रात्रभर बाळाचं थरथरणं पाहिल्यावर ‘हिने असं कसं केलं’ हे मनात येणं साहजिक आहे. ज्यांनी मूल होण्यासाठी सगळे उपचार केले, गर्भपात सोसले, त्यांना तर हे फारच झोंबतं. या संतापाला क्रॅकच्या काळात कायद्याचीही साथ होती. काही राज्यांत गरोदर बायकांवर खटले भरले गेले. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये एक सरकारी रुग्णालय त्यांची लघवी तपासून पोलिसांना कळवत होतं, ते घटनाविरोधी असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठरवलं. फ्लोरिडातल्या एका काउंटीत १९९०च्या अभ्यासात गोऱ्या आणि काळ्या गरोदर स्त्रियांत नशेचं प्रमाण जवळपास सारखं आढळलं, पण सरकारकडे तक्रार गेलेल्यांत काळ्या स्त्रियांचं प्रमाण गोऱ्यांच्या दसपट होतं. शिक्षेच्या भीतीने बायका तपासणीलाच जाईनाशा झाल्या, आणि नुकसान पोटातल्या बाळाचंच झालं. संताप समजून घेता येतो. पण मूल तो ऐकतं. आईबाप काही बोलले नाहीत तरी कपाळावरच्या आठीतून ऐकतं, आणि ज्या बाईचा तिरस्कार होतोय तिच्यापासून आपण बनलोय हे त्याला पुढे कळतंच. व्यसन हा आजार आहे, हे वाक्य सगळे म्हणतात. दत्तक आईला ते खरोखर पटावं लागतं, कारण कधीतरी त्या बाईचं पत्र येऊ शकतं, ती नशामुक्त होऊन चार वर्षं झाल्याचं सांगणारं. अशा पत्राने आनंद, मत्सर आणि भीती एकदमच दाटून येतात.

यातल्या भीतीचं मूळ त्याआधीचं असतं. फॉस्टर केअरमधलं मूल आपलं होईलच याची खात्री नसते. व्यवस्थेचा पहिला प्रयत्न मुलाला आईकडे परत नेण्याचा असतो, आणि तसाच असायला हवा. १९९७च्या कायद्यानुसार मूल २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी ताब्यात राहिलं की आईबापांचा हक्क संपवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, काही अपवाद सोडून. म्हणजे दीड-दोन वर्षं एक स्त्री मुलाला उराशी धरते, त्याचं पहिलं पाऊल पाहते, आणि दर तारखेला न्यायालयात दुसऱ्या एका स्त्रीची नशेची तपासणी कशी आली यावर आपलं आईपण टांगलेलं पाहते. तपासणी वाईट आली की क्षणभर हायसं वाटतं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची शरम वाटते. मिनेसोटाच्या कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी जिचा निकाल लागत नाही अशा वियोगाचा अभ्यास आयुष्यभर केला. माणूस गेलंही नाही आणि आपलंही नाही, अशा दुःखाला उत्तरकार्य नसतं, सांत्वनाला कुणी येत नाही. दत्तकविधान झालं की या बाजूला पेढे वाटले जातात, त्याच दिवशी कुणीतरी आपलं मूल कायमचं गमावलेलं असतं. मुलाचाही तो पहिला वियोग असतो. चांगल्या संस्था आईबापांना हे आधी सांगतात.

थकव्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. दत्तक मूल मिळाल्यावर आईला नैराश्य येऊ शकतं, हे बाळंतपणानंतरच्या नैराश्याइतकं लोकांना माहीत नाही. ‘एवढी वाट पाहिलीस, आता रडतेस काय’ असं म्हणणारे भेटतात. डॅन ह्यूज आणि जोनाथन बेलिन या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ च्या पुस्तकात सांगितलं आहे की पालकाने माया करत राहावी आणि मुलाकडून वर्षानुवर्षं प्रतिसाद येऊ नये, तर पालकाच्याच मेंदूतली माया करण्याची यंत्रणा मिटू लागते. तो जेवण देतो, शाळेत सोडतो, डॉक्टरकडे नेतो, पण आतून काही वाटेनासं होतं. अशा आईबापांना दोष देऊन काही होत नाही. त्यांना झोप हवी असते, आठवड्यातून काही तास मुलाला विश्वासाने सांभाळणारं कुणी हवं असतं, आणि हे सगळं ऐकूनही न हादरणारा श्रोता हवा असतो.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी जोडप्याने असं मूल घरी आणलं की त्यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. पुण्या-मुंबईहून फोनवर सल्ले सुरू होतात. ‘खाण तशी माती’ हे कुणीतरी म्हणतंच. सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूह ऐकलेल्या अभिमन्यूवर आपण वाढलो, गर्भसंस्कारांची पुस्तकं आपल्या घरोघरी आहेत. पोटातल्या नऊ महिन्यांवर एवढा भार टाकणाऱ्या समाजात त्या नऊ महिन्यांची झळ लागलेलं मूल आणलं की कुजबुज दुप्पट होते. आपल्याकडे महाराष्ट्रात दत्तक घेताना प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकविधानं पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या पद्धतीत बाळाचा वैद्यकीय अहवाल मिळतो, पण रस्त्यावर किंवा संस्थेच्या पाळण्यात सोडून दिलेल्या बाळाच्या आईबद्दल कुणालाच काही ठाऊक नसतं. तिने दारू घेतली, तंबाखूची मिसरी लावली, की नुसती उपाशी राहिली, तो रकाना कोरा. अमेरिकेतल्या आईला फाइल छळते, आपल्याकडे कोरा रकाना छळतो. मुलाची अडचण दिसली की लाज न बाळगता लवकर बालविकासतज्ज्ञाला दाखवणं, हा उपाय दोन्हीकडे तोच आहे.

हे मुलाला सांगायचं कधी आणि कसं, हा प्रश्न कुठल्याच घराला चुकत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या जन्मदात्या आईला आजार होता, त्यामुळे तिला कोणतंच बाळ सांभाळता आलं नसतं’ एवढं पुरतं. ‘कोणतंच बाळ’ हे शब्द मुद्दाम, म्हणजे दोष आपल्यात होता असं त्याला वाटत नाही. सात-आठ वर्षांचा मुलगा मात्र आईला सर्दी झाली तरी घाबरू शकतो. तेव्हा हा आजार कोणता, तो दारूचा किंवा नशेच्या औषधांचा होता, हे स्पष्ट करावं लागतं. तेरा-चौदाव्या वर्षी खरा प्रश्न येतो, बहुधा गाडीत, दोघंही समोर पाहत असताना: मलाही लागेल का व्यसन? ‘छे, भलतंच काय’ हे उत्तर प्रेमाचं असलं तरी खरं नाही. व्यसनाकडे ओढा असण्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानला जातो, उरलेला निम्मा घर, मित्र, ताण आणि पहिली नशा कोणत्या वयात केली यावर ठरतो. पोटात असताना पदार्थाची सवय झाली होती म्हणून मूल व्यसनी जन्मत नाही, हे त्याला सांगता येतं. इतरांनी गंमत म्हणून घेतलेला पहिला घोट तुझ्यासाठी जास्त धोक्याचा आहे, हेही सांगावं लागतं. अमेरिकेत अक्कलदाढ काढल्यावर किशोरवयीन मुलांना अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं सर्रास लिहून दिल्या गेल्या, आणि कित्येकांची या पदार्थांशी पहिली ओळख तिथेच झाली. म्हणून दंतवैद्याकडे जाण्याआधी घरातला इतिहास त्याला कळवायचा, साध्या गोळ्या मागायच्या, आणि ते मागताना मुलाला खोलीबाहेर पाठवायचं नाही.